गरोदर स्त्रियांची रक्तक्षयविषयक जाणीव : सर्वेक्षणपद्धतीची एक चिकित्सा

प्रस्तावना

गरोदर स्त्रीच्या रक्तातील हिमोग्लोबिन प्रति डेसिलिटर ११ ग्रॅमपेक्षा कमी असल्यास तिला रक्तक्षय आहे असे मानले जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील रक्तक्षयग्रस्त गरोदर स्त्रियांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये ५०.४ टक्के होते; २०१९-२१ मध्ये ते ५२.२ टक्के झाले. लोह व फॉलिक आम्लाच्या गोळ्यांचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७० मध्ये सुरू झाला असूनही ही स्थिती आहे. तिचे कारण स्त्रियांच्या अज्ञानात शोधणारी 'ज्ञान आणि दृष्टिकोन' सर्वेक्षणे शुश्रूषा, गृहविज्ञान व समाजकार्य या शाखांत सातत्याने होतात. त्यांच्या मूळ गृहीतकाचीच चिकित्सा आवश्यक ठरते.

विवेचन

अशा सर्वेक्षणांची प्रश्नावली बहुधा ठरलेली असते : रक्तक्षय म्हणजे काय, लोहयुक्त पदार्थ कोणते, गोळी का घ्यावी. उत्तरांना गुण देऊन 'ज्ञान असमाधानकारक' असा निष्कर्ष निघतो व आरोग्यशिक्षणाची शिफारस होते. माहीत असणे आणि करता येणे यांतील अंतर मात्र मोजले जात नाही. अंधेरी वा बोरिवलीच्या वस्तीतील स्त्रीला पालेभाजीचे महत्त्व ठाऊक असू शकते. पण घरात शेवटी जेवणाऱ्या स्त्रीच्या ताटात ती भाजी किती उरते, हा ज्ञानाचा प्रश्न नव्हे. गोळी १८० दिवस रोज घ्यावयाची असते. मळमळ व बद्धकोष्ठता सुरू झाली, किंवा बाळंतपणासाठी गावी माहेरी जावे लागले, की हा क्रम तुटू शकतो. तेथे 'नकारात्मक दृष्टिकोन' हे वर्णन अपुरे पडते.

दुसरी मर्यादा निदानाची आहे. रक्तक्षय म्हणजे लोहाची कमतरता, हे समीकरण प्रश्नावली गृहीत धरते. मुलुंड-घाटकोपर परिसरात सिंधी, लोहाणा व कच्छी भानुशाली कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. या समाजांत बीटा थॅलेसेमियाच्या वाहकांचे प्रमाण अधिक आढळते. शाकाहारी आहारात जीवनसत्त्व बी-१२ची उणीवही संभवते. या दोन्ही स्थितींत केवळ लोहाची गोळी पुरेशी नसते. हा धडा मुंबईला नवा नाही. ल्यूसी विल्स यांनी १९२८ पासून मुंबईत गरोदर स्त्रियांच्या रक्तक्षयाचा अभ्यास केला आणि त्यातील एक प्रकार यीस्टच्या अर्काने बरा होतो हे १९३१ मध्ये मांडले. त्यातील गुणकारी घटक पुढे फोलेट म्हणून ओळखला गेला.

निष्कर्ष

याचा अर्थ आरोग्यशिक्षण व्यर्थ आहे असा नव्हे. जेवणाबरोबरचा चहा लोहाचे शोषण घटवतो, लिंबू-आवळा ते वाढवतो, गोळीमुळे शौचाचा रंग काळा होणे निरुपद्रवी असते, ही माहिती प्रत्यक्ष उपयोगाची आहे. परंतु गोळ्यांची नियमित उपलब्धता, रक्ततपासणीचे निष्कर्ष आणि कुटुंबातील अन्नवाटप यांची नोंद न घेता केवळ स्त्रीच्या उत्तरांना गुण देणारे संशोधन व्यवस्थेची उणीव स्त्रीच्या माथी मारते. यापुढील अभ्यासांत पती व सासू यांनाही प्रश्न विचारले जावेत आणि उत्तरांची सांगड हिमोग्लोबिनच्या प्रत्यक्ष नोंदींशी घातली जावी.