‘विश्वासू’ कोणास म्हणावे? ख्रिस्ती मराठी गद्यातील एक शब्द व एक ग्रंथ

मराठीतील ‘श्रद्धाळू’ आणि ‘विश्वासू’ ही दोन विशेषणे वरवर पाहता एकाच घराण्यातील वाटतात. परंतु त्यांच्या अर्थाची दिशा परस्परविरुद्ध आहे. ज्याच्या ठायी श्रद्धा आहे तो श्रद्धाळू. ज्याच्या ठायी दुसऱ्याने विश्वास ठेवावा तो विश्वासू. पहिल्याचा गुण त्याच्या अंतःकरणात असतो, दुसऱ्याचा गुण शेजाऱ्याच्या अनुभवात. दुकानातला मुनीम विश्वासू आहे किंवा नाही, हे मुनिमास विचारून कळत नाही. शेटजीस विचारावे लागते. ख्रिस्ती धर्मविचार मराठीत उतरला तेव्हा हा भेद त्याच्या वाटेत उभा राहिला, आणि ख्रिस्ती मराठी गद्याचे मूल्यमापन करताना तिकडे जितके लक्ष द्यावयास हवे तितके दिले गेलेले नाही.

नव्या कराराच्या ग्रीक भाषेत ‘पिस्तोस’ हे एकच विशेषण दोन्ही भार वाहते. श्रद्धा ठेवणारा तोही पिस्तोस आणि भरवसा ठेवण्याजोगा तोही पिस्तोस; कोणता अर्थ घ्यावयाचा हे संदर्भावरून ठरते, आणि पुष्कळदा ठरतही नाही. त्यामागे हिब्रू भाषेतील ‘अमन’ हा धातू उभा आहे. स्थिर असणे, टिकून राहणे हा त्याचा मूलार्थ. प्रार्थनेच्या शेवटी उच्चारला जाणारा ‘आमेन’ हा शब्द त्याच धातूचा. गमतीची गोष्ट अशी की, याच सेमिटिक मुळापासून निघालेला अरबी ‘ईमान’ हा शब्द फार्सीच्या मार्गाने मराठीत येऊन पुरता रुळलेला आहे. अरबीत त्याचा अर्थ ईश्वरावरील श्रद्धा. मराठीने मात्र त्यातील ईश्वर बाजूस ठेवला आणि खाल्ल्या मिठाला जागणे एवढाच अर्थ राखला. इमान नोकराचे असते, इमानी कुत्रा असतो. म्हणजे श्रद्धेसाठी बाहेरून आलेल्या शब्दाचेही मराठीने निष्ठेत रूपांतर करून टाकले. आज प्रचारात असलेल्या मराठी बायबलात श्रद्धेसाठी ‘विश्वास’ व भरवशाच्या सेवकासाठी ‘विश्वासू’ हे शब्द योजलेले आढळतात. धातू एक राहिला खरा. पण ‘विश्वासू’ म्हटल्यावर श्रद्धावान मनुष्य कोणाच्याही डोळ्यांपुढे येत नाही. त्यासाठी ‘विश्वास ठेवणारे’, ‘विश्वासणारे’ अशी वेगळी रूपे वापरावी लागली. फादर स्टीफन्सने ‘ख्रिस्तपुराणा’त (१६१६) ‘भावार्थ’ हा शब्द श्रद्धेसाठी पत्करला होता, व गोव्याच्या कोकणी ख्रिस्ती समाजात तो अद्याप जिवंत आहे. तो गोड आहे, पण भक्तिपरंपरेतल्या ‘भावा’शी त्याचे नाते इतके निकट की, व्यवहारातल्या भरवशाचा वास त्यास जवळजवळ नाही.

ही केवळ कोशकाराची अडचण नव्हे. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या २५व्या अध्यायातील दृष्टान्तात धनी परदेशी जाताना चाकरांच्या हाती द्रव्य सोपवितो व परतल्यावर हिशेब घेतो. ज्यांना तो विश्वासू म्हणून गौरवितो, त्यांना त्यांचे मत काय, हे तो विचारीत नाही. सोपविलेल्या द्रव्याचे काय केले, एवढेच विचारतो. तेव्हा ख्रिस्ती मनुष्य विश्वासू असणे याची कसोटी त्याच्या मुखातील पंथसूत्रात नसून इतरांनी त्याच्या हाती दिलेल्या वस्तूंत आहे, असे या दृष्टान्तावरून म्हणता येईल.

एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात नेमकी येथेच कोंडी झाली. धर्मांतर करणारा मनुष्य ज्या क्षणी ख्रिस्ताशी विश्वासू होई, त्याच क्षणी आईबाप, जात व गाव यांच्या दृष्टीने तो विश्वासघातकी ठरे. ‘बाटगा’ या शब्दात केवळ विटाळाची कल्पना नाही; या मनुष्याचा यापुढे भरवसा धरू नये, असा निवाडाही त्यात आहे. पंडिता रमाबाईंच्या शारदासदनाचे प्रकरण हे याचे ठळक उदाहरण. १८८९ मध्ये सदन उघडले ते धर्माच्या बाबतीत तटस्थ राहण्याच्या आश्वासनावर. पुढे काही मुली रमाबाईंच्या खाजगी प्रार्थनेस बसू लागल्या. दार बंद करणे आपल्या श्रद्धेस शोभत नाही, ही रमाबाईंची बाजू. आश्वासन मोडले, ही पुण्याची बाजू. १८९३ मध्ये रानडे व भांडारकर यांनी सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला. दोन्ही पक्ष विश्वासाचीच भाषा बोलत होते, परंतु एक ‘श्रद्धाळू’च्या अर्थाने आणि दुसरा ‘विश्वासू’च्या. रमाबाईंच्या बाजूने पुष्कळ बोलता येते. तथापि आश्वासन ही दुसऱ्याच्या मालकीची वस्तू असते, ही पुणेकरांची तक्रार केवळ सनातनीपणाची म्हणून उडवून लावणे न्याय्य होणार नाही.

या काळातील ख्रिस्ती आत्मचरित्रपर लेखनाचा ठरलेला घाट ‘साक्ष’ हा आहे. आधी अंधार, मग प्रकाश. बाबा पदमनजींच्या आत्मचरित्राचे ‘अरुणोदय’ (१८८४) हे नावच पुरेसे बोलके आहे. पदमनजींचा प्रामाणिकपणा वादातीत आहे, परंतु त्यांच्या रचनेत प्रत्येक प्रसंग उजाडण्याच्या दिशेने चालू लागतो. अशा लेखनातून लेखकाची श्रद्धा सिद्ध होते. तो विश्वासू आहे हे सिद्ध होत नाही, कारण कोणता प्रसंग सांगावयाचा हे निष्कर्षाने आधीच ठरवून ठेवलेले असते.

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ (१९३४ ते १९३६) या पार्श्वभूमीवर वाचली म्हणजे तिचे वेगळेपण ध्यानात येते. समीक्षकांनी या ग्रंथाच्या विनोदाची व अकृत्रिम बोलीची वाखाणणी केली आहे. ती योग्यच आहे, पण अपुरी आहे. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर पतिपत्नींची वर्षानुवर्षे ताटातूट झाली, पुढे दोघे पुन्हा एकत्र आली, तीही बाईंनी आपला धर्म न सोडता. एका छपराखाली तिची चूल वेगळी, तिचे पाणी वेगळे. टिळकांच्या श्रद्धेची उंची या ग्रंथात कोठेही कमी केलेली नाही. पण त्या श्रद्धाळू पुरुषाच्या हाती पैसा टिकत नाही, दिलेली वेळ पाळली जात नाही, घरात काय शिजावयाचे याची वार्ता नाही, हेही त्याच शाईने लिहिले आहे. स्वतःचा राग, संशय, हट्ट यांनाही बाई सवलत देत नाहीत. १९०० च्या सुमारास त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. साक्षीच्या घाटात हे शिखर व्हावयास हवे होते. येथे तसे होत नाही. सोवळ्याओवळ्याचे बंधन मनातून गळून पडते तो प्रसंग बाप्तिस्म्याहून अधिक विस्ताराने व अधिक खोलवर येतो, आणि त्यानंतरही ग्रंथ भांडी, उधारी, आजारपणे व भांडणे यांतूनच पुढे सरकतो. ख्रिस्ती झाल्यावर संसार सुरळीत झाला, असे सांगण्याचा मोह बाईंस पडत नाही.

त्यांच्या घरात बालकवी ठोमरे येऊन राहतात ती प्रकरणे या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहेत. १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनानंतर टिळकांनी या तरुणास अहमदनगरास आपल्या घरी आणले. परक्याचे मूल ख्रिस्ती उपदेशकाच्या घरी राहते, जेवते, रुसते, आणि हिंदूच राहते. धर्मांतरासाठी गळ टाकणारा मिशनरी ही जी प्रतिमा तत्कालीन वृत्तपत्रांत रूढ होती, तिला उत्तर म्हणून बाईंनी ही प्रकरणे लिहिलेली नाहीत. त्या लहरी पोरावरील मायेपोटी लिहिली आहेत. म्हणूनच ते उत्तर ठरते. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडली व साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे दोन्ही त्यास चालणार होते. त्या वेळी मालकाशी निष्ठा आणि ख्रिस्ताशी निष्ठा यांची फारकत पुन्हा एकदा दिसते. बाई मात्र त्या महान त्यागाचा खर्च कोणाच्या अंगावर पडला, हेही नोंदवून ठेवतात.

‘विश्वासू’ हा शब्द बाईंनी आपल्यास लावून घेतलेला नाही. त्या शब्दाच्या व्याकरणानुसार तो स्वतःस लावता येतही नाही. तो वाचकाने लावावयाचा असतो, आणि ज्या वाचकवर्गाने टिळकांना बाटगे म्हटले त्याच वर्गाने हा ग्रंथ मराठीतील श्रेष्ठ आत्मचरित्रांत बसविला.

येथे एक मर्यादा सांगितलीच पाहिजे. हा भरवसा एका ब्राह्मण कुटुंबास मिळाला. अहमदनगर जिल्ह्यातील बहुसंख्य ख्रिस्ती महार व मांग समाजांतून आलेले. ‘पोटासाठी ख्रिस्ती झाले’ हा त्यांच्यावरचा आरोप अधिक क्षुद्र होता व अधिक टिकला. टिळकांच्या घराभोवती ही माणसे सतत वावरतात, पण त्यांच्या हाती लेखणी नाही, आणि मराठी समीक्षेनेही त्यांची साक्ष शोधण्याची तसदी फारशी घेतली नाही. ज्याच्यावर काही सोपविण्याचीच समाजाची तयारी नव्हती त्याने विश्वासू कसे ठरावे, हा प्रश्न ‘स्मृतिचित्रां’च्या कक्षेबाहेर राहतो.

टिळक १९१९ मध्ये निवर्तले तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अगदी आरंभीच थांबलेले होते. पतीने मागे ठेवलेले ते काम बाईंनी उचलले व बहुतेक सारे अध्याय स्वतः रचले. त्याही गेल्यावर शेवट मुलाने, देवदत्त टिळकांनी, लिहिला. हे काव्य आज क्वचितच कोणी वाचतो, आणि काव्य म्हणून ते ‘स्मृतिचित्रां’च्या जवळपासही येत नाही. परंतु दृष्टान्तातील धनी हिशेब मागावयास आला असता, तर बाईंनी बहुधा हीच वही प्रथम पुढे केली असती.