पासवर्ड माहीत असलेल्या माणसाचं काय?

चेंबूरकरांना वायफायची भीती नवी नाही. १३ सप्टेंबर २००८ ला दिल्लीत साखळी स्फोट झाले, तेव्हाच्या ईमेलचा माग चेंबूरमधल्या एका कंपनीच्या वायफायपर्यंत आला. त्याआधी जुलैत अहमदाबादच्या स्फोटांचा ईमेल सानपाड्यातल्या एका घरच्या कनेक्शनवरून गेला होता. जानेवारी २००९ मध्ये तर मुंबई पोलीस उघडी वायफाय नेटवर्क शोधत रस्त्यावर फिरले. त्यातून आपण एकच धडा घेतला: पासवर्ड टाका. म्हणजे चोर बाहेरचाच, असं धरून चाललो.

आजचा पेपर घरातल्याच माणसाच्या हातात कान देतो (हो, 'कान' हाच शब्द बरोबर आहे). प्रिन्स्टनमध्ये डॅनी ह्वांग आणि सहकाऱ्यांनी बनवलेलं 'आयओटी इन्स्पेक्टर', पेपर २०२० चा.

तुमच्या लॅपटॉपला टीव्हीची पॅकेट्स एरवी वाचता येत नाहीत. डब्ल्यूपीए२ मध्ये पासवर्ड सगळ्यांचा एक, पण प्रत्येक उपकरणाची किल्ली वेगळी. ती काढायची तर कार्ड मॉनिटर मोडमध्ये टाकून, उपकरण जोडलं जाताना होणारी चार संदेशांची देवाणघेवाण पकडावी लागते. डब्ल्यूपीए३ मध्ये पासवर्ड माहीत असूनही ते जमत नाही. इन्स्पेक्टर या भानगडीत पडतच नाही. तो एआरपी स्पूफिंग करतो: टीव्हीला सांगतो 'राऊटर मीच', राऊटरला सांगतो 'टीव्ही मीच'. शेजाऱ्यांची पत्रं पोस्टमनकडून आपण घ्यावीत आणि मग नेऊन द्यावीत, तसं.

यातून लोकांच्या घरात खरोखर वापरात असलेल्या चाळीस हजारांहून जास्त उपकरणांची माहिती जमली. बऱ्याच कंपन्यांची उपकरणं जुनं टीएलएस वापरतात, टीव्ही जाहिरात-ट्रॅकिंगवाल्यांशी बोलतात, हे लॅबबाहेर एवढ्या प्रमाणावर दाखवणं सोपं नव्हे. असं टूल बसवणारे मुळात हौशी लोक, त्यामुळे नमुना कलता आहे. पण ते चालवून घेऊ.

मला खटकते ती संमती. लेखक पॅकेटमधला मजकूर गोळा करत नाहीत, फोन-कॉम्प्युटर वगळायचा प्रयत्न करतात, परवानगीही घेतात. पण कोणाची? लॅपटॉपवाल्याची. आपल्याकडे एका राऊटरवर चार-पाच माणसं, वर कामाला येणाऱ्या मावशी.

हेच तंत्र मी घरी करून बघितलं. आधी सगळ्यांना विचारलं होतं, "नेटवर्कचं ट्रॅफिक बघू का?" सगळे म्हणाले, बघ की. आठवड्याभरात दिसलं की रात्री दोन ते चार टीव्ही सुरू असतो. मजकूर एन्क्रिप्टेड होता. कोणता कार्यक्रम ते मला माहीत नाही. पण बाबांना झोप लागत नाही हे कळलं, आणि ते त्यांनी आईलाही सांगितलं नव्हतं. मजकूर न घेणं म्हणजे खाजगीपणा जपणं, हा पेपरचा आधार माझ्यासाठी तिथे ढिला झाला. वेळ हीच माहिती असते.

मी फाईल पुसली आणि बाबांना सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "ट्रॅफिक म्हणजे हे, असं आधी सांगायचंस ना."

तुम्ही हे घरी करणार असाल तर विचारताना 'ट्रॅफिक' म्हणू नका. "तुम्ही टीव्ही कधी लावता ते मला दिसेल, चालेल का?" असं विचारा. पेपरच्या संमतीपत्रातही हेच वाक्य हवं होतं, आणि ते घरातल्या प्रत्येकाला दाखवायला हवं होतं.