एअर फिल्टर, ट्यूनिंग आणि ॲव्हरेज: एका अहवालाचं वाचन

"ट्यूनिंग करून घे, एअर फिल्टर बदल, ॲव्हरेज वाढेल." हा सल्ला गॅरेजमध्ये ठीक आहे. संशोधनाच्या प्रस्तावात तोच गृहीत धरला, तर वर्षभराचे प्रयोग चुकीच्या प्रश्नावर खर्च होऊ शकतात. म्हणून अमेरिकेच्या ओक रिज नॅशनल लॅबोरेटरीचा 2009 चा अहवाल वाचायला हवा.

चोंदलेल्या फिल्टरमुळे ॲव्हरेज 10 ते 15 टक्के घटतं, असे आकडे जुन्या लिखाणात होते. या गटाने ते तपासले. फ्यूएल इंजेक्शनच्या तीन गाड्यांमध्ये लक्षणीय फरक दिसलाच नाही. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत दिसला. पण 10-15 टक्क्यांची घट यायला फिल्टर इतका चोंदावा लागला, की गाडी चालवणंच जवळजवळ अशक्य झालं.

अहवालाची खरी ताकद आकड्यात नाही, कारण सांगण्यात आहे. पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने साधारण 14.7 पट हवा लागते. इंजेक्शनच्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर धुरातला ऑक्सिजन मोजतो आणि ईसीयू त्यानुसार पेट्रोल कमी-जास्त करतो. हवा अडली तर थ्रॉटल थोडा जास्त उघडतो, मिश्रण तेच राहतं. कार्ब्युरेटरला असा फीडबॅक नसतो, त्यामुळे मिश्रण रिच होतं. पिकअप मात्र चारही गाड्यांमध्ये स्वच्छ फिल्टरनेच सुधारला.

आता मर्यादा. गाड्या फक्त चार, त्यात कार्ब्युरेटरची एकच. तिच्यावरून आपल्याकडच्या 100 सीसी बाइकसाठी टक्केवारी काढता येणार नाही. दुसरं, ठरावीक टेस्ट सायकलवर वेग आधीच आखलेला असतो. पिकअप कमी झाल्यावर रस्त्यावरचा माणूस ॲक्सिलरेटर कसा पिळतो, हे त्यात येतच नाही. म्हणजे इंजिनाबद्दलचा निष्कर्ष भक्कम आहे, रोजच्या वापराबद्दलचा तेवढा नाही.

यावरून ट्यूनिंग निरुपयोगी ठरतं का? मुळीच नाही. कार्ब्युरेटरचा स्क्रू फिरवणं हे आता ट्यूनिंग राहिलेलं नाही, एवढंच. ऑक्सिजन सेन्सरच बिघडला, तर ईसीयू चुकीच्या माहितीवर पेट्रोल सोडेल आणि ॲव्हरेज खरंच पडेल.

एप्रिल 2020 पासून बीएस-6 आल्यावर आपल्या नव्या बाइकही इंजेक्शनवर गेल्या. तेव्हा ट्यूनिंगवरचा कुठलाही पेपर हातात घेतलात, की टक्केवारीच्या आधी दोन गोष्टी शोधा: मिश्रण कोण ठरवतंय, आणि गाडी कोणत्या सायकलवर चालवली? हे पेपरमध्ये नसेल, तर ती टक्केवारी तुमच्या प्रस्तावात घेऊ नका.