कौतिकच्या पोरांचे काय?

उद्धव शेळके यांची ‘धग’ १९६० साली प्रसिद्ध झाली, आणि तेव्हापासून आपण ती कौतिकची कादंबरी म्हणून वाचत आलो आहोत. त्यात गैर काही नाही. कर्तृत्वशून्य नवरा, हातावरचे पोट, पुढे त्याच नवऱ्याला जडलेला महारोग, आणि या सगळ्याशी झुंजता झुंजता ढळलेले तिचे मन. एवढे एका बाईच्या वाट्याला आल्यावर वाचकाची नजर तिच्यावरून हलेल कशी? मीही अमरावतीत वर्षानुवर्षे वर्गात हेच केले. फळ्यावर मधोमध कौतिकचे नाव लिहायचे, भोवती बाकीची पात्रे मांडायची.

एके वर्षी मागच्या बाकावरून एक मुलगा उठला. “सर, त्या पोरायले कोनं इचारलं काय?” वर्ग हसला, मीही हसलो, आणि पुढे गेलो. प्रश्न वाङ्मयीन नाही असे मला वाटले होते. आता वाटते, त्या तासाला खरी समीक्षा त्यानेच केली.

नंतर मी कादंबरी पुन्हा वाचली ती मुलांच्या उंचीवर वाकून. कथा निराळीच दिसू लागली. कौतिक क्रूर नाही. ती राबते ती पोरांसाठीच. पण दिवसभर राबून आलेल्या बाईजवळ लेकरांना द्यायला उरते काय? शीण आणि चिडचीड. थोरला भीमा घरापासून तुटत जातो, तो कुणी त्याला टाकले म्हणून नव्हे. त्याच्याकडे बघायला कुणाला सवड नसते म्हणून. धाकट्या नामाला शिकवायचे या तिच्या हट्टात माया आहे, तसे ओझेही आहे. शेळके यातले काहीच बोलून दाखवीत नाहीत, आणि त्यांचे मोठेपण त्यातच आहे. त्यांची वऱ्हाडी बोली वाचकाला रडवण्यासाठी थांबत नाही. आसू गाळले ते आपण, आणि तेही एकाच पात्रावर.

याचे मूळ आपल्या वाङ्मयीन सवयीत असावे. मराठीत मार खाल्लेले मूल बहुधा मोठे झाल्यावर बोलते. ‘श्यामची आई’मध्ये पोहायला भिऊन दडून बसलेल्या श्यामला आई बदडते, आणि मोठा श्याम ती आठवण कृतज्ञतेने सांगतो. साने गुरुजींच्या निर्मळपणाविषयी शंका नको. पण ज्या घरात मार पुसून टाकण्याइतकी माया होती, त्या घराचा दाखला माया नसलेल्या घरांनाही देण्याची खोड आपल्याला लागली. (छडीचे गोडवे गाणारे प्राध्यापक मी पुष्कळ पाहिले आहेत, त्यांतला एकही छडी आठवून सुखावलेला दिसला नाही.) केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली तेरा राज्यांतली पाहणी प्रसिद्ध केली. दर तीन मुलांमागे दोघांनी मारहाण सोसली होती. निम्म्याहून अधिक मुलांनी कोणता ना कोणता लैंगिक छळ भोगला होता, आणि छळणाऱ्यांतले निम्मे ओळखीचे, विश्वासातले होते. बहुतेक मुलांनी ते कुणाला सांगितलेच नव्हते. कृतज्ञ श्याम आपल्याला पाठ आहे; ही गप्प राहिलेली मुले आपल्या पुस्तकांत फारशी नाहीत.

हे वर्गात बोललो तेव्हा एका मुलीने मला अडवले. “मंग सर, कौतिकलेच दोष देता काय?” आक्षेप रास्त होता. आईला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले की गाव सुटले. वस्तुतः मारणे किंवा भोगणे निराळे, आणि दारिद्र्यापायी हात अपुरे पडणे निराळे. दोन्हींत मूल होरपळते, पण उपाय एक नव्हे. पहिल्याला शिक्षाच हवी. लैंगिक अत्याचाराचा गुन्हा ठाऊक असून न कळवणाऱ्यालाही २०१२ च्या कायद्याने दोषी धरले आहे. दुसऱ्यासाठी २०१५ च्या बालन्याय कायद्यात जिल्ह्या-जिल्ह्याला बालकल्याण समिती आहे, आणि १०९८ हा फोन आहे. भीमासाठी तो फोन शेजाऱ्याने केला असता, तर मागायचे काय होते? कौतिकला तुरुंग खासच नव्हे. नवऱ्याला औषधपाणी, तिला आधार, आणि दिवसातला थोडा वेळ पोरांची विचारपूस करील असे एखादे माणूस.

असे माणूस वऱ्हाडात अजिबात नव्हते असे नाही. शेणगावचा डेबूजी बापाच्या दारूपायी लहानपणीच पोरका झाला, आणि मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्यात मामाच्या घरी गुरे राखत वाढला. पुढे गाडगेबाबा होऊन तो गावोगाव सांगत फिरला, की जेवणाचे ताट मोडा, भाकर हातावर घेऊन खा, पण पोराला शाळेत घाला. ते कीर्तन मला आता एका उपेक्षित पोराचे बोलणे वाटते.

आणि अचलपूर तालुक्यातले वज्झर. कचराकुंडीत, स्थानकांवर टाकलेली शंभरावर अपंग, मतिमंद मुले शंकरबाबा पापळकरांनी तिथे वाढवली, आणि बापाच्या जागी आपले नाव लावले. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. सरकारी हिशेबाने मूल अठरा वर्षांचे झाले की बालगृहाचा आसरा संपतो. ज्याला स्वतःचा घास तोंडात घालता येत नाही, त्याने अठराव्या वाढदिवसाला कुठे जावे? अशांना जन्मभर तिथेच राहू द्यावे असा कायदा करा, हे बाबा कितीतरी वर्षे मागत आले आहेत.