पडद्यावरील पाठ आणि मराठी वाक्याची घडण

संगणकप्रणाली शिकविणारे चित्रपाठ आता मराठीतही विपुल झाले आहेत. त्यांच्या भाषेचा विचार मात्र क्वचितच होतो. मुंबईच्या आय.आय.टी.तील ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा प्रकल्प या दृष्टीने अभ्यसनीय आहे. पाठ सुमारे दहा मिनिटांचा. पडद्याच्या एका बाजूस तो, दुसऱ्या बाजूस प्रत्यक्ष प्रणाली; शिकणाऱ्याने पाठ थांबवीत थांबवीत तीच कृती करावयाची. मराठी आवृत्तीत निवेदन तेवढे मराठी होते. चित्र मूळचेच राहते व त्यावरील अक्षरे इंग्रजीच राहतात.

भाषाभिमान्यांस हे खटकेल. मला ते योग्य वाटते. वाईत बसून असे लिहिताना थोडा संकोच होतो, हे कबूल केले पाहिजे. कारण मराठी विश्वकोशाचे कार्यालय याच गावी आहे, आणि १९७६ साली त्याचा पहिला खंड निघाला तो तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली, परिभाषेची फार मोठी चिंता वाहून. पण कोशातील संज्ञा संकल्पनेस नाव देते. पडद्यावरचे ‘सेव्ह’ ही एका बटणाची पाटी आहे, म्हणजे जवळजवळ विशेषनामच. निवेदक नुसते ‘जतन करा’ म्हणाला, तर विद्यार्थ्याचा डोळा पडद्यावर नसलेला शब्द शोधीत राहतो. ‘सेव्हवर क्लिक करा, म्हणजे मजकूर जतन होईल’ या वाक्यात पाटी आणि संकल्पना दोहोंस न्याय मिळतो. (लिब्रेऑफिसचा पडदा मराठीतही घेता येतो, तो घेणाऱ्यास अर्थातच मराठी पाट्याच वाचून दाखविल्या पाहिजेत.)

शब्दांपेक्षा अधिक हानी वाक्यरचनेने होते. ‘त्या चिन्हावर क्लिक करा, जे पट्टीच्या उजव्या टोकास आहे’ अशी वाक्ये भाषांतरित पाठांत सहज शिरतात. येथे हातास आज्ञा आधी मिळते, स्थळ मागाहून कळते. तोवर चित्रातील बाण पुढे सरकलेला असतो. वस्तुतः मराठीची स्वाभाविक घडण या कामास फार अनुकूल आहे. कृष्णेच्या घाटाची वाट सांगताना आपण आधी चौक सांगतो, मग बोळ, मग देऊळ. ‘वळा’ हे क्रियापद शेवटी येते. ‘फाईल या मेनूतील सेव्ह ॲज या पर्यायावर क्लिक करा’ हे वाक्यही तसेच थोराकडून लहानाकडे जाते, आणि डोळ्याने ज्या क्रमाने शोधावयाचे त्याच क्रमाने बोलते. इंग्रजीत ‘क्लिक’ प्रथम येते. तेथील लेखकास हा क्रम साधण्यासाठी वाक्य मुद्दाम फिरवावे लागते. आपणांस आयते मिळालेले हे साधन आपण भाषांतराच्या भरात टाकून देतो.

‘क्लिक केले जाते’ हा कर्मणी प्रयोग त्याहून वाईट. तो करणारा कोण, हेच शिकणाऱ्यास कळत नाही. ‘आपण क्लिक करू’ यात निवेदक निदान सोबत तरी असतो.

भाषांतरकाराच्या हाती केवळ संहिता दिली जाते, तेथे हे दोष अटळ आहेत. त्याच्यापुढे चित्र चालू हवे, आणि त्याचा स्वतःचा हात माऊसवर हवा.