पैनगंगेपलीकडे गेलेली माणसं

माझ्या टीममधला एक रशियन टेस्टर 2022च्या सप्टेंबरअखेर अचानक आर्मेनियातून लॉगिन करू लागला. 21 सप्टेंबरला पुतिननी सैन्यभरती जाहीर केली होती. अशा लोकांसाठी तिकडे 'रेलोकान्त' हा शब्द रूढ झालाय. आमच्या एचआरच्या मेलमधलं 'रिलोकेशन'च की हे! जणू माणूस बदलीच्या गावी निघालाय.

मी वसमत तालुक्यातला. आमच्याकडे 'रझाकारीत गाव सोडलं' म्हणतात, आणि पुढे कुणी बोलत नाही. म्हणून नरहर कुरुंदकरांचं 'हैदराबाद : विमोचन आणि विसर्जन' पुन्हा काढलं. कुरुंदकर आमच्याच कुरुंद्याचे. हा लढा हिंदू-मुसलमान भांडणात न कोंबता सरंजामशाही विरुद्ध लोकशाही असा मांडला, हे त्यांचं मोठेपण. दर 17 सप्टेंबरला येणाऱ्या फॉरवर्डांना ते उत्तर आजही पुरतं. पण शीर्षकच बघा. विमोचन संस्थानाचं, विसर्जनही संस्थानाचंच. राज्य कसं पडलं हे त्यांच्याइतकं स्वच्छ कुणी सांगत नाही. मी शोधत होतो तो माणूस मात्र मला तिथे भेटला नाही.

निजामाच्या राज्याची आमच्याकडची हद्द म्हणजे पैनगंगा. पलीकडे वऱ्हाड. 1948 मध्ये नदी ओलांडली की माणूस भारतात. उमरखेडला स्टेट काँग्रेसचा कॅम्प होता. मुक्तिसंग्रामावरच्या आपल्या लेखनात नदी ओलांडणारा बहुतेक वेळा परत येण्यासाठीच ओलांडतो, तोही बंदूक घेऊन. 1938 मध्ये 'वंदे मातरम्'पायी उस्मानियातून काढलेली पोरं नागपूर विद्यापीठात गेली, तेही लक्षात राहिलं, कारण त्यांतले नरसिंह राव पुढे पंतप्रधान झाले. पण मास्तर, वकील, कारकून? बायकापोरं आणि एक ट्रंक घेऊन पुसद-वाशीमच्या पाहुण्यांकडे गेलेला, महिनोन्‌महिने त्यांच्या ओसरीवर अवघडून बसलेला? तो 'निर्वासितांचे लोंढे' या दोन शब्दांत वाहून जातो. शिकलेल्या माणसाची भीती मराठीत नीट लिहिलीच गेली नाही, असं माझं मत आहे. हुतात्मा लिहिता येतो. घाबरलेला पटवारी लिहायला जड जातो.

पोलीस अ‍ॅक्शननंतरचं पान तर आणखी कोरं. सुंदरलाल समितीने मृतांचा आकडा किमान 27 ते 40 हजार सांगितला होता. सरकारने तो अहवाल कित्येक दशकं बाहेर येऊ दिला नाही. त्या दिवसांत उर्दूत शिकलेले कितीतरी मुसलमान कारकून, शिक्षक कराचीला गेले. लातूरचा वकील कासिम रझवी 1957 मध्ये तुरुंगातून सुटून पाकिस्तानात गेला, हे पोरालाही ठाऊक असतं. ज्याने कुणाच्या अंगाला हात लावला नाही, त्या मुदर्रिसाचं नाव आमच्या गावात कुणाला विचारू?

माझे पणजोबा पटवारी होते. पलीकडे गेले, लढले नाहीत, सप्टेंबरनंतर परतले. घरात त्यांना अजून 'पळालेले' म्हणतात, हसत हसत. मीही हसायचो. त्या टेस्टरला 'घरी कधी जाणार?' असं मी एकदा सहज विचारलं होतं. तो म्हणाला, बिल्ड तपासतो, आणि कॉलवरून गेला.

पणजोबांचं दप्तर माळ्यावर आहे. सगळं उर्दूत. मला वाचता येत नाही.