सुलतानाचा खरा शिष्य

गिरीश कार्नाडांचे ‘तुघलक’ (१९६४) मूळ कन्नड. मराठीत ते विजय तेंडुलकरांनी आणले. १३२७ साली दिल्लीची राजधानी आपल्या देवगिरीस हलविणाऱ्या ‘वेड्या महंमदा’ची ही कथा. स्वातंत्र्यानंतरच्या आपल्या भ्रमनिरासाचे चित्र तीत अनेकांना दिसले, ते उगाच नव्हे.

आरंभीच सुलतान स्वतःविरुद्ध एका ब्राह्मणाला न्याय मिळू देतो. प्रजा चकित होते. पण हा ब्राह्मण कोण? वेष पालटलेला अझीझ धोबी! पुढे तांब्याची नाणी निघतात, तेव्हा खोट्या नाण्यांच्या धंद्यातही तो असतोच. पकडला गेल्यावर तो स्वतःला सुलतानाचा सच्चा अनुयायी म्हणवितो, आणि सुलतान त्याला शिक्षेऐवजी हुद्दा देतो.

मला वाटते, शोकांतिकेचे मर्म येथे आहे. ध्येय खोटे नव्हते. पण ते नीट समजून घेणारा साऱ्या राज्यात एक लबाडच निघाला. मी शाळामास्तर. रोज फळ्यावर सुविचार लिहितो. तो बाकांपर्यंत पोचला का, हे पाहायला फळ्याकडे पाठ करावी लागते. सुलतानाला ते जमले नाही.

सुटीत हे नाटक घरातल्या मोठ्यांनी मिळून अवश्य वाचावे.